पुसलेली पानं आणि बेपत्ता पाच

रविवार, ८ फेब्रुवारी

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (खोली इतकी लहान आहे की खरोखर साष्टांग घालायचा तर आधी कपाट बाहेर काढावं लागेल. तेव्हा खुर्चीत बसून घातलेला गोड मानून घे.) तुझा गुडघा, काकांचा खोकला आणि गॅलरीतल्या कुंड्या यांच्या प्रकृती कशा आहेत ते याच क्रमाने कळव. काकांना राग येईल, पण गुडघा आधी. मी बरी आहे. वजन तेवढंच आहे. माझं म्हणते मी. सुरवंटांचं पुढे येईल.

आधी चूक दुरुस्त करते, म्हणजे पुढचं लिहायला हात धजेल. माझं तीन आठवड्यांपूर्वीचं पत्र काढ. दुसरं पान, वरून सातवी ओळ. तिथे मी लिहिलं आहे की आज सकाळी चौदा सुरवंट डब्यातून पळाले होते, पण चौदाही सापडले, काळजी नसावी. हे खोटं आहे. नऊ सापडले होते. उरलेले पाच संध्याकाळपर्यंत सापडतीलच असं धरून मी ते पत्रात दुपारीच सापडवून टाकले, कारण पत्र टपालात टाकायची वेळ झाली होती आणि 'पाच बेपत्ता' असं वाचून तुझा रक्तदाब वाढला असता. तेव्हा पेन घे आणि 'चौदाही' या शब्दावर एक आडवी रेघ मार. गिरगटून काळं करू नकोस, खालचं वाचता आलं पाहिजे. (हे मी कुणाला सांगते आहे! दम्यामुळे दहाव्या वर्षापर्यंत माझी शाळा म्हणजे तुझं जेवणाचं टेबल, आणि त्या शाळेत खोडरबराला प्रवेश नव्हता. चुकलं की एक रेघ मारायची, वर बरोबर ते लिहायचं, आणि चूक तशीच दिसू द्यायची. पाढा कधी म्हणून दाखवतेस, असं विचारल्यावर मी 'लवकरच' म्हटलं की तू म्हणायचीस, "लवकरच नावाचा वार मला कॅलेंडरात दाखव." मी खरंच शोधायचे.)

आता हे पत्र तू काकांना वाचून दाखवशील आणि ते वर्तमानपत्राआडून विचारतील, की ही पोरगी तिथे नेमकं करते तरी काय? म्हणून पुन्हा सांगते. आम्ही कोबी वाढवतो आणि तो सुरवंटांना खायला घालतो. एवढं ऐकून काका म्हणतील, "मग त्यात शिकायचं काय, ते आपोआप होतं." होतं, पण बरोबरीने आणखी एक गोष्ट होते. कोबीला पळता येत नाही, ओरडता येत नाही, कुणाला चावता येत नाही. सुरवंट येऊन कुरतडायला लागला की तो जागच्या जागी उभा राहून पानात तिखट, कडू रस तयार करतो. मॅडमचं (म्हणजे माझ्या वरिष्ठांचं, गेली आठ वर्षं त्या याच एका गोष्टीच्या मागे आहेत) म्हणणं असं, की एकदा कुरतडला गेलेला कोबी शहाणा होतो. पुढचा पाहुणा येण्याआधीच पान तिखट करून ठेवतो, आणि मग तो पाहुणा दिवसभर खाऊनही काटकुळाच राहतो. कोणत्या जातीचा कोबी लवकर शहाणा होतो हे कळलं, तर शेतात औषधाची फवारणी पुष्कळ कमी करता येईल. हे सगळं सिद्ध करायला साठ रोपं माझ्या ताब्यात होती. तीस आधी दोन दिवस सुरवंटांकडून कुरतडून घेतलेली, आणि तीस अस्पर्श. मग सगळ्यांवर एकाच दिवशी अंड्यातून निघालेले सुरवंट सोडायचे, दहा दिवस खाऊ द्यायचे आणि वजन करायचं. कुरतडलेल्या रोपांवरचे बारीक निघाले आणि अस्पर्श रोपांवरचे गुटगुटीत, की मॅडम जिंकल्या.

मागच्या पत्रात मी तुला निकाल कळवला होताच. कुरतडलेल्यांवर सरासरी बावन्न मिलिग्रॅम, अस्पर्शांवर चोपन्न. म्हणजे सगळेच काटकुळे, फरक काहीच नाही. मॅडमनी तो कागद वाचला, चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, "बरं." आत्या, त्या 'बरं'मुळे मला तीन दिवस जेवण गेलं नाही. मॅडम रागावल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. पण त्यांनी शांतपणे सांगितलं, की या कोबीला शहाणपण नाही असं मी तेरा तारखेच्या अहवालात लिहून पाठवते आणि हे काम थांबवू. काम थांबलं की मॅडमची आठ वर्षं कपाटात जाणार आणि माझी खुर्ची दुसऱ्या कुणाकडे. यावर तू उलट टपाली लिहिलंस, "कोबी म्हणजे काही सगळं जग नव्हे, घरी ये." त्या वाक्याबद्दल मी तुझी फार आभारी आहे, पण आता तो निकाल ज्या पानावर आहे त्या पानावरही तुला एक रेघ मारावी लागणार आहे. का, ते सांगते. त्यासाठी आपल्याला पळालेल्या चौदांकडे परत जावं लागेल.

पळाले ते माझ्यामुळेच. नव्या तुकडीतले, तीन दिवसांचे, तांदळाच्या दाण्याएवढे सुरवंट एका डब्यात ठेवले होते. डब्याच्या झाकणाला जाळी असते, तीतून हवा जाते, हे मला माहीत आहे. तरी सकाळी चहाला जाण्याआधी सगळे नीट आहेत ना म्हणून मी झाकण उघडून पाहिलं. मग झाकण नीट लागलं का हे बघायला पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा का उघडलं ते आठवत नाही, पण त्याच वेळी निवांतने हाक मारली. (निवांत म्हणजे आमचा सहकारी. त्याचं खरं नाव वेगळं आहे, पण इमारतीला आग लागली तरी हा चहा संपवूनच उठेल, म्हणून सगळे त्याला निवांत म्हणतात.) मी परत आले तर झाकण तिरकं आणि डब्यात फक्त एक अर्धवट पान. पुढचा दीड तास मी गुडघ्यांवर रांगत काढला. चार टेबलाखाली सापडले, तीन पाण्याच्या नळावर, एक निवांतच्या बिस्किटावर (त्याने तेवढा तुकडा तोडून मला दिला आणि बाकीचं बिस्कीट खाल्लं), आणि नववा शेजारच्या खोलीत. शेजारच्या खोलीत मोठे साहेब चार पाहुण्यांना आमची प्रयोगशाळा किती शिस्तीची आहे हे समजावून सांगत होते आणि नववा त्यांच्या कॉलरवरून मानेकडे निघाला होता. माझ्याशिवाय तो कुणालाच दिसत नव्हता. मी आत गेले, माफ करा म्हणाले आणि सुरवंट उचलायच्या मऊ कुंचल्याने साहेबांची कॉलर झाडली. साहेबांना वाटलं मी धूळ झटकते आहे. "असू दे, असू दे," म्हणाले ते, आणि पाहुण्यांकडे वळून, "बघा, स्वच्छतेची सवय कशी अंगात भिनली आहे." स्वच्छतेची सवय! आत्या, हे शब्द लक्षात ठेव.

नोंदवहीत मी लिहिलं, 'बेपत्ता: पाच'. सात दिवसांनी, आमच्या सामानाचं स्टोअर सांभाळणाऱ्या बाईंनी जिन्यावरून हाक मारली, "ए मुली, तुझी पोरं माझ्याकडे जेवतायत, घेऊन जा!" स्टोअरच्या मागच्या गच्चीत आमची बारा जादा रोपं पडून होती. त्याच दिवशी पेरलेली, त्याच मातीतली, पण साठांत जागा न मिळाल्यामुळे तिकडे ठेवलेली. त्यातल्या दोन रोपांवर पाच सुरवंट होते. (इतक्या लांब गेले कसे, कोण जाणे. बाईंची शाल दुपारी आमच्या खुर्चीवर असते, तिच्यावरून गेले असावेत. नोंदवहीत 'प्रवासाचं साधन' असा रकाना नाही.) मी त्यांना ओळखलंच नाही. माझ्याकडचे दहा दिवसांचे सुरवंट दोऱ्यासारखे असतात, आणि हे पाच दोरखंड. वजन केलं. काट्यात बिघाड आहे म्हणून दुसऱ्या काट्यावर केलं. सरासरी एक्याण्णव! तोच कोबी, तेच वय, आणि अंगावर जवळजवळ दुप्पट मांस. म्हणजे या कोबीचं साधं, न कुरतडलेलं पान सुरवंटाला एवढं मानवतं. मग माझ्या तीस अस्पर्श रोपांवरचे कशाने खंगले?

मी वही घेऊन बाईंपुढे बसले आणि अकरा प्रश्न विचारले. पाणी कधी, किती, ऊन कुठून, खत घालता का, कुंडी फिरवता का, पानं कशाने साफ करता. बाई आधी हसल्या आणि मग वैतागल्या. "अगं, मी कशाला काय करू? बाटलीत उरलेलं पाणी ओतते नि जाते. झाडं काय पळून जाणार आहेत? तुझ्यासारखी पानन् पान पुसत बसले, तर स्टोअर काय माझा सासरा बघणार?" निवांत दारात चहा पीत उभा होता. त्याने आयुष्यात पहिल्यांदा कप अर्धा असताना खाली ठेवला. "थांब," तो म्हणाला, "पुसतेस? कोणती पुसतेस?" सगळीच, मी म्हटलं. रोज सकाळी, सुरवंट कुंचल्याने बाजूला सरकवून, ओल्या कापडाने, वरून आणि खालून. "अस्पर्शसुद्धा?" तो म्हणाला.

आत्या, त्या तीस कुंड्यांवर 'अस्पर्श' अशी पाटी लावलेली आहे. तीसही पाट्या मी स्वतः सुवाच्य अक्षरात लिहिल्या आहेत. आणि रोज सकाळी पानं पुसून झाली की मी त्या पाट्याही पुसत होते.

कोबीला काय कळणार की हे कापड आहे आणि हा सुरवंट आहे! पानावर काहीतरी सरकतं, पान वाकतं, दबतं, एवढंच त्याला कळतं, आणि रोज सकाळी आठ वाजता ते होत राहिलं तर तो बिचारा समजतो की शत्रू आला. मग करतो रस तिखट. (हे मी मनाचं सांगत नाही. मॅडमच्याच कपाटात यावर दोन लेख मिळाले. ते वरच्या फळीवर होते, आणि ती फळी मी पुसत नाही, कारण स्टूल डगमगतं.) म्हणजे मॅडमच्या कोबीला शहाणपण नव्हतं असं नाही. जरा जास्तच होतं. मी साठही रोपांना शहाणं करून ठेवलं होतं आणि वर, बघा फरक नाही, असा कागद नेऊन दिला होता.

यात तुझा काही दोष नाही असं मी इथे लिहिलं होतं, मग त्यावर रेघ मारली, आता पुन्हा लिहिते. दोष नाही. पण टेबलाच्या शाळेतला पहिला तास काय असायचा, आठव. गणिताच्याही आधी, गॅलरीतल्या एकवीस कुंड्या, ओलं कापड, 'वरून आणि खालून, खालची बाजू कुणी बघत नाही म्हणून ती आधी.' पानं पुसल्याशिवाय माझा दिवस सुरूच होत नाही. हात आपोआप जातो. आणि काळजी वाटली की जास्त जातो. निकालाचे दिवस जवळ आले तशी मी दोनदा पुसायला लागले होते. (तुझ्या कुंड्यांत कधी कीड टिकत नाही, आणि त्याचं श्रेय तू इतकी वर्षं स्वच्छतेला देत आलीस. मला आता वेगळीच शंका येते. मला वाटतं, तुझी झाडं तुला घाबरून आहेत.)

पाच पळपुट्या सुरवंटांवरून निकाल लावायचा नसतो, हेही तूच शिकवलंस. म्हणून गच्चीतल्या उरलेल्या दहा रोपांचा छोटा प्रयोग केला. पाच रोपं मी रोज पुसायची, पाचांना पाण्याशिवाय काही नाही. पहिली पाच जमली. दुसऱ्या पाचांनी माझा जीव घेतला. पहिल्याच दिवशी, एका पानावर मातीचा ठिपका होता, तो फक्त टिपावा म्हणून माझं बोट निघालं, तेव्हा निवांतने त्या कोपऱ्याला जाळीचं दार लावून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. मी दिवसातून चार वेळा जाळीबाहेर हात पाठीमागे बांधून उभी राहायचे. बाई म्हणायच्या, "आजाऱ्याला भेटायची वेळ संपली, चल." काल शनिवारी वजन केलं. पुसलेल्यांवर सत्तावन्न, न पुसलेल्यांवर अठ्ठ्याऐंशी. निवांत म्हणाला, "रडतेस काय, बरोबर आलंय ना?" बरोबर आलं होतं म्हणूनच तर.

आता पुढे काय करायचं तेही दिसतं आहे. नव्वद रोपं लावायची. तीस कुरतडलेली, तीस पुसलेली, तीस खरोखरची अस्पर्श. मॅडमची आठ वर्षं वाचतील, एवढंच नाही, त्यांना एक नवीन प्रश्नही मिळेल. (उद्या शेतात फवाऱ्याऐवजी नुसता मऊ झाडू फिरवूनही थोडं काम होईल, असं स्वप्न मी आज सकाळी भांडी घासताना पाहिलं. दहा रोपांवरून एवढं बोलायचं नसतं, म्हणून मॅडमपाशी बोलणार नाही. तुला फक्त सांगते.)

राहता राहिलं ते मॅडमना सांगणं. त्या गुरुवारपासून बहिणीकडे गेल्या आहेत, येत्या बुधवारी परततील. तेरा तारखेला शुक्रवार आहे आणि त्या दिवशी अहवाल जाणार. गप्प बसले तर काम बंद पडेल आणि माझी चूक कुणाला कधी कळणार नाही. बोलले तर काम वाचेल, पण ज्या मुलीला 'हात लावू नकोस' एवढं एकच काम दिलं होतं आणि जिला तेही जमलं नाही, तिला मॅडम का ठेवतील, याचं उत्तर मला सुचत नाही. निवांत म्हणतो, "जुन्याचं नाव काढू नकोस. नवीन कल्पना सुचली म्हण, शाबासकी घे." त्याच्या मनात वाईट काही नाही, पण हे म्हणजे खोडरबरच झालं. तेव्हा मी मॅडमना सगळं खरं खरं लवकरच सांगणार आहे.

काकांना नमस्कार. गुडघा जपून टाक. कुंड्यांना माझ्या वतीने काही करू नकोस.

तुझी,
टेबलाच्या शाळेची एकुलती एक विद्यार्थिनी

ता. क. निवांतबद्दल वर जे लिहिलं, की आग लागली तरी चहा संपवूनच उठेल, ते अन्यायाचं आहे. दहा दिवस त्याने किल्ली एकदाही दिली नाही. मी जवळजवळ रडले तरी नाही. त्या वाक्यावर रेघ मार. (पण बिस्किटाचं खरं आहे.)

ता. क. २. आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. मला काका हवे आहेत. तीन आठवड्यांसाठी. हसू नकोस. नव्वद रोपांना रोज सकाळी आठ वाजता अर्धा अर्धा कप पाणी घालणारा माणूस पाहिजे. त्याने पान उचलून बघायचं नाही, कुंडी फिरवायची नाही, जाता जाता हात लावायचा नाही, मेलं तर नाही ना अशी काळजी करायची नाही. मी यातून बाद. निवांत वजन करणार, आणि वजन करणाऱ्याला कोणतं रोप कोणतं हे कळता कामा नये, म्हणून तोही बाद. स्टोअरच्या बाईंचा भरवसा होता, पण त्या पाचांनी त्यांना लळा लावला, आता त्या रोपांशी बोलतात. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एकच माणूस आला. एकतीस वर्षं तू सांगत आलीस की हा माणूस घरात इकडची काडी तिकडे करत नाही. आत्या, अशा माणसाची सक्त गरज असलेली जागा अखेर निघाली! खुर्ची देऊ, वर्तमानपत्र देऊ, चहा निवांत देईल. फक्त तू सोबत येऊ नकोस. अगदी राहवलंच नाही तर ये, पण कापड घरी ठेवून. (अर्थात हे सगळं मॅडमनी मला ठेवलं तर. नाही ठेवलं तर मी घरी येते आणि काकांना खुर्चीतून उठायची गरज नाही.)

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी पत्र एकदा वाचलं. तू कुठे थांबशील ते मला कळलं. सहीच्या जरा वर, 'लवकरच' या शब्दापाशी, तू मान वर करून कॅलेंडराकडे बघशील. मीही बघितलं. तो वार अजूनही त्यात नाही. म्हणून त्या शब्दावर एक आडवी रेघ मारली आहे, खालचं वाचता येईल अशी, आणि वर बरोबर ते लिहिलं आहे. शाई ओली होती, जरा फिसकटलं असेल, तेव्हा इथे पुन्हा लिहिते: बुधवार, अकरा फेब्रुवारी, सकाळी नऊ वाजता, मॅडम चष्मा पुसायच्या आत.